वेगवेगळ्या प्रदेशांच्या व्हिस्की चाखून त्यांच्यावर लिहायचं आहे, सुरुवात कुठून करू?

प्रश्न असा आहे: आतापर्यंत सोडा-बर्फ घालून ब्लेंडेड (मिश्र) व्हिस्की प्यायलो. आता स्कॉटलंड, आयर्लंड, अमेरिका, जपान, भारत अशा ठिकठिकाणच्या व्हिस्की नीट चाखून त्यांची परीक्षणं लिहायची आहेत. कोणत्या क्रमाने जाऊ, गुण कसे देऊ? आणि इतरांना ग्लासात हेदर (स्कॉटलंडच्या माळावरचं फुलझुडूप), भाजलेलं पेअर, जुनं चामडं असं काय काय सापडतं, ते मला का सापडत नाही?

प्रदेशापासूनच सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त गल्लत तिथे होते. स्पेसाइड म्हणजे फळं आणि मध, आयला म्हणजे धूर (उच्चार आयलाच, हसायचं तर एकदा हसून घ्या), लोलँड म्हणजे हलकी, कॅम्पबेलटाउन म्हणजे खारट-तेलकट आणि हायलँड म्हणजे उरलेलं सगळं, हे कोष्टक तुम्ही कुठे ना कुठे पाठ केलं असेलच. पहिला अंदाज म्हणून ते ठेवायला हरकत नाही. पण परीक्षण लिहिताना ते डोक्यात ठेवून बसलात, तर ग्लासात काय आहे ते न हुंगता लेबलवर काय आहे तेच लिहाल. मी वर्षानुवर्षं लोकांना व्हिस्की चाखवत आलोय. बाटली दाखवली की स्पेसाइडमध्ये हमखास सफरचंद सापडतं, झाकली की तीच माणसं गप्प होतात.

स्कॉच व्हिस्कीचे 2009 चे नियम पाच नावांना संरक्षण देतात: हायलँड, लोलँड, स्पेसाइड, कॅम्पबेलटाउन आणि आयला. ‘आयलंड्स’ हा सहावा प्रदेश लोक बोलतात, पण कायद्याच्या हिशेबाने स्कायवरची टॅलिस्कर आणि ऑर्कनीची हायलँड पार्क या हायलँडच. आणि कायदा फक्त एवढंच पाहतो की दारू त्या हद्दीत गाळली गेली की नाही. चवीबद्दल तो अवाक्षर काढत नाही. मॅकॅलन आणि ग्लेनफार्कलस दोन्ही स्पे नदीच्या खोऱ्यातल्या, तरी लेबलवर ‘हायलँड’ लिहितात आणि तेही नियमात बसतं. स्कॉटलंडमधल्या सगळ्यात जास्त डिस्टिलऱ्या एकट्या स्पेसाइडमध्ये आहेत. त्या सगळ्यांची चव एकसारखी असती तर इतक्या चालवल्या कशाला असत्या?

मुळात हायलँड-लोलँड ही रेषाच करवसुलीसाठी आखलेली. 1784 च्या कायद्याने रेषेच्या वर एक कर आणि खाली वेगळा कर लावला. त्यातून दोन्हीकडच्या गाळण्याच्या पद्धती वेगळ्या होत गेल्या. 1823 चा कायदा आल्यावर परवाना घेऊन उघडपणे गाळणं परवडू लागलं; 1824 मध्ये जॉर्ज स्मिथने ग्लेनलिव्हेटसाठी परवाना घेतला तो त्याच धामधुमीत. पुढे 1863 मध्ये स्पे खोऱ्यात रेल्वे आली, तिच्याबरोबर कोळसा आला आणि माल्ट (मोड आणलेली बार्ली) वाळवायला पीट (दलदलीतली जळाऊ माती) जाळण्याची गरज कमी होत गेली. आयलासारख्या बेटावर पीट पायाखालीच पडलेलं, कोळसा मात्र बोटीने आणावा लागायचा, म्हणून धूर तिथे टिकला. म्हणजे एके काळी प्रदेश आणि चव यांचं नातं खरं होतं, पण ते इंधनाचं आणि वाहतुकीचं नातं होतं. आज कोणतीही डिस्टिलरी ठरवेल तेवढ्या धुराचा माल्ट मागवू शकते. म्हणून आयलाच्या बनाहाव्हन आणि ब्रुकलाडी यांची नेहमीची व्हिस्की बिनधुराची असते, आणि हायलँडची आर्डमोर किंवा स्पेसाइडची बेनरोमॅक धुरकट निघते. त्यात गंमत अशी की ब्रुकलाडीच ऑक्टोमोर नावाची प्रचंड पीट असलेली व्हिस्कीही काढते.

मग चव येते कुठून? धूर किती, आंबवण किती तास ठेवली, गाळायच्या भांड्याचा, म्हणजे स्टिलचा आकार काय, गाळताना धारेतला कोणता भाग घेतला, आणि शेवटी पिंप कोणतं. यातला प्रत्येक निर्णय माणसांनी घेतलेला असतो. याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण म्हणजे काओल ईला आणि लॅगाव्हुलिन. दोन्ही आयलाच्या, दोन्ही एकाच कंपनीच्या, दोघींचा माल्ट पोर्ट एलनच्या एकाच कारखान्यातून येतो, पीटचं प्रमाणही सारखंच, सुमारे 35 पीपीएम (दहा लाखांत किती भाग, ते माप). तरी काओल ईला हलकी, लिंबाळलेली, स्वच्छ धुराची. लॅगाव्हुलिन जड, गोडसर, काजळीसारखी रेंगाळणारी. फरक स्टिलमध्ये आणि गाळण्याच्या वेगात आहे. दोन ग्लास शेजारी ठेवून हुंगलेत तर प्रदेशाबद्दल चार लेख वाचण्यापेक्षा जास्त कळेल.

दुसरं उदाहरण कॅम्पबेलटाउनचं. या गावात एके काळी वीसहून जास्त डिस्टिलऱ्या होत्या, नंतर बोटावर मोजण्याएवढ्या उरल्या. त्यातली स्प्रिंगबँक एकाच छपराखाली तीन वेगळ्या व्हिस्की करते. स्प्रिंगबँक थोड्या पीटची आणि ‘अडीच वेळा’ (काही भाग दोनदा, काही तीनदा) गाळलेली, लाँगरो भरपूर पीटची आणि दोनदा गाळलेली, हेझलबर्न बिनपीटची आणि तीनदा गाळलेली. गाव तेच, इमारत तीच, वारा तोच. आता सांगा, कॅम्पबेलटाउनची चव नक्की कोणती?

जाता जाता पीपीएमबद्दल. हा आकडा माल्टमधल्या फिनॉलचा, म्हणजे धुराचा वास देणाऱ्या रसायनांचा असतो, बाटलीतल्या दारूचा नाही. गाळताना आणि पिंपात त्यातलं बरंच गळून जातं. त्यामुळे आकडा तिप्पट म्हणून ग्लासातला धूर तिप्पट, असं होत नाही. परीक्षणात पीपीएम लिहा, पण त्यावरून ‘किती कडक’ हे ठरवू नका. पीट कुठलं हेही पाहा. ऑर्कनीला झाडं जवळपास नाहीतच, तिथलं पीट हेदरच्या झुडपांचं, त्यामुळे हायलँड पार्कचा धूर गोडसर. आयलाच्या धुरात दवाखाना आणि समुद्र येतो.

क्रमाबद्दल माझा सल्ला असा: प्रदेशांची यादी घेऊन एकेक बाटली टिक करत जाऊ नका. जोड्या लावा, आणि प्रत्येक जोडीत शक्यतो एकच गोष्ट ठळकपणे बदलू द्या.

पहिली जोडी पिंपाची. ग्लेनमोरांजी ओरिजिनल आणि ग्लेनड्रोनॅक 12. दोन्ही हायलँड, दोन्ही नेहमीच्या बाटल्या बिनधुराच्या. ग्लेनमोरांजी बर्बनच्या (अमेरिकी व्हिस्कीच्या) वापरलेल्या पिंपांत मुरते, शिवाय तिच्या स्टिल उंचीसाठी प्रसिद्ध. जड वाफ एवढ्या उंच मानेतून वर न जाता परत खाली येते आणि दारू हलकी राहते. ग्लेनड्रोनॅक शेरीच्या, म्हणजे स्पेनच्या कडक वाइनच्या पिंपातली, ओलोरोसो आणि पेद्रो हिमेनेझ या तिच्या दोन प्रकारांच्या. एकीत संत्र्याची साल, व्हॅनिला, ओलं खोबरं, तर दुसरीत मनुका, खजूर, लवंग, थोडा तुरटपणा. (शेरीच्या पिंपांबद्दल रम्य कल्पना बाळगू नका. आजची बहुतेक पिंपं व्हिस्कीसाठीच शेरी भरून तयार केलेली असतात. स्पेनच्या तळघरात शंभर वर्षं शेरी मुरवलेली नसतात.) ही जोडी पक्की झाली की पुढच्या प्रत्येक बाटलीत ‘हे दारूचं की लाकडाचं?’ हा प्रश्न आपोआप पडू लागतो.

दुसरी जोडी धुराची: बनाहाव्हन 12 आणि लाफ्रोइग 10. बेट एकच. त्यानंतर जमलं तर काओल ईला-लॅगाव्हुलिन.

तिसरी मी मुद्दाम गोव्याची सांगतो, कारण ती आपल्याला जवळची आणि त्यामानाने परवडणारी: पॉल जॉनच्या ब्रिलियन्स, एडिटेड आणि बोल्ड. डिस्टिलरी दक्षिण गोव्यात कुंकळ्ळीला. तिन्हींची ताकद, म्हणजे अल्कोहोलचं प्रमाण, 46 टक्के. ब्रिलियन्स बिनपीटची, एडिटेड थोड्या पीटची, बोल्ड भरपूर पीटची. ताकद एक, कारखाना एक, हवा एक, फक्त धुराची पायरी चढत जाते. नवख्यांसाठी यापेक्षा चांगला धडा स्कॉटलंडमध्येही पटकन मिळत नाही. क्रम मात्र चुकवू नका. बोल्ड आधी घेतलीत तर ब्रिलियन्स नुसतं गोड पाणी वाटेल.

आता बाकीचे देश. आयर्लंडबद्दल ‘तीनदा गाळलेली, म्हणून मऊ’ एवढंच लोक सांगतात. बरीचशी आयरिश खरंच तीनदा गाळतात, पण कॉनेमारा दोनदा गाळलेली आणि पीटची आहे, आणि तीनदा गाळणारी ऑकेनटोशन स्कॉटिश लोलँडची. आयर्लंडची खरी स्वतःची चीज म्हणजे सिंगल पॉट स्टिल. माल्ट केलेलं आणि न केलेलं असं दोन्ही बार्ली एकत्र आंबवतात. माल्टवर कर बसला तेव्हा तो वाचवायला ही पद्धत पसरली, आणि त्या कच्च्या बार्लीने जिभेवर एक तेलकट, मिरमिरीत जाडी आणली. रेडब्रेस्ट 12 घ्या आणि नुसता तोंडातला पोत पाहा, वास नंतर.

अमेरिकेबाबत फार वेळ घालवत नाही. बर्बन केंटकीतच व्हावी असा नियम नाही, अमेरिकेत कुठेही होऊ शकते. धान्यात किमान 51 टक्के मका, आणि आतून जाळून कोळपवलेलं कोरं ओकचं पिंप, हे दोन नियम तिची चव ठरवतात. कोऱ्या पिंपामुळे व्हॅनिला, कॅरमल, खोबरं इतकं येतं की बाकीचं शोधावं लागतं. राय नावाच्या धान्याची व्हिस्की शेजारी ठेवा; शोपा, दालचिनी, मिरी लगेच वेगळी होतात. तीच कोळपलेली पिंपं एकदा वापरून स्कॉटलंडला, आयर्लंडला, आपल्या गोव्या-बंगळुरूलाही जातात, म्हणून बर्बन चाखल्याशिवाय स्कॉचमधली निम्मी चव कुठून आली ते कळत नाही.

जपानमध्ये व्हिस्कीची कला स्कॉटलंडमधूनच गेलेली. मासाताका ताकेत्सुरू 1918 मध्ये ग्लासगोला शिकायला गेला, कॅम्पबेलटाउनच्या जुन्या हेझलबर्न डिस्टिलरीत त्याने काम केलं. शिंजिरो तोरीईने 1923 मध्ये यामाझाकी सुरू केली ती त्याला हाताशी धरून, आणि 1934 मध्ये ताकेत्सुरूने योइचीला स्वतःची डिस्टिलरी काढली. स्कॉटलंडमध्ये कंपन्या ब्लेंडसाठी एकमेकींकडून पिंपं घेतात. जपानी कंपन्यांमध्ये तसा रिवाज नव्हता, म्हणून एकेका डिस्टिलरीला वेगवेगळ्या स्टिल आणि पिंपं वापरून घरातच सगळे प्रकार करावे लागले. त्यामुळे ‘जपानी व्हिस्की नाजूक असते’ या वाक्याला काही अर्थ नाही. योइची कोळशाच्या आगीवर गाळलेली, धुरकट आणि चांगली दणकट आहे. घेताना लेबल मात्र नीट वाचा. जपानमध्ये बाटलीत भरलेली पण परदेशातून आणलेली दारू ‘जपानी’ म्हणून बरीच विकली गेली. तिथल्या उत्पादक संघटनेने 2021 मध्ये आपल्या सभासदांसाठी व्याख्या केली (गाळणं, किमान 3 वर्षं मुरवणं, बाटलीत भरणं, सगळं जपानमध्येच) आणि ती 2024 पासून पूर्ण लागू झाली. जुन्या किंवा अनोळखी बाटलीवर सामुराईचं चित्र असणं हा पुरावा नव्हे.

भारताबद्दल थोडं सविस्तर. बंगळुरूच्या अमृतने सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीत फक्त माल्टपासून केलेली व्हिस्की) 2004 मध्ये ग्लासगोत नेऊन विकायला काढली, पॉल जॉनची पहिली 2012 मध्ये लंडनला आली, त्यानंतर रामपूर, इंद्री अशी रांग लागली. इथली सहा ओळींची बार्ली युरोपच्या दोन ओळींच्या बार्लीपेक्षा प्रथिनांनी जास्त आणि पिठूळपणाने कमी, त्यामुळे दारू कमी निघते पण धान्याची चव भरदार येते. आणि ऊन! स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला सुमारे 2 टक्के उडून जातं (त्याला ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात), बंगळुरूत दहा टक्के किंवा त्याहून जास्त. लाकडाचा अर्कही तितक्याच घाईने उतरतो. म्हणून भारतीय बाटलीवर बहुधा वय नसतं, आणि ‘12 वर्षांची स्कॉच, 5 वर्षांची भारतीय’ अशी तुलना करण्यात अर्थ नाही. अमृतने 8 वर्षांची व्हिस्की काढली तेव्हा तिचं नाव ‘ग्रीडी एंजल्स’ (हावरे देवदूत) ठेवलं, कारण पिंपात उरलंच फार थोडं.

पण कौतुक करतानाही नाक जागं ठेवा. आपल्या माल्टचा दोष बहुतेक वेळा एकच असतो: लाकूड जास्त. पहिला घोट आंबापोळी, काकवी, पिकलं केळं असा भरभरून येतो आणि शेवटी कडू, तुरट, चहा उकळत राहिल्यासारखी जीभ आवळते. वेगात मुरवण्याची ही किंमत आहे. देशी म्हणून तिथे डोळेझाक केलीत तर तुमच्या परीक्षणाचा उपयोग नाही, आणि देशी म्हणून नाक मुरडलंत तरी नाही.

आणि आपल्या नेहमीच्या, क्वार्टरमध्ये मिळणाऱ्या देशी ब्लेंडचं काय? त्यातल्या बऱ्याचशांत मळीपासून काढलेलं स्पिरिट असतं, त्यात माल्ट आणि कधी स्कॉच मिसळलेली असते. युरोपात हिला व्हिस्की म्हणून विकता येत नाही, तिथे धान्य आणि 3 वर्षं मुरणं सक्तीचं आहे. तरी तिची टर उडवण्यात मला रस नाही. ती सोडा, बर्फ आणि समोरच्या चकण्यासाठी बनवलेली आहे. परीक्षण करायचं तर सोडा घालूनच करा. लॅगाव्हुलिनच्या शेजारी नुसती, काही न घालता ठेवणं म्हणजे दोघींवर अन्याय.

बसण्याची तयारी. एका वेळी तीन, फार तर चार. प्रत्येकी 15 मिली, म्हणजे अर्ध्या लहान पेगाएवढी. त्याहून जास्त नमुने घेतलेत तर चौथ्यानंतर तुम्ही लिहिता ते व्हिस्कीचं नसून तुमच्या तब्येतीचं वर्णन असतं. शेजारी रिकामा पेला ठेवा आणि थुंकायला लाजू नका. जे रोज शेकडो नमुने तपासतात ते मास्टर ब्लेंडर मुख्यतः नाकानेच काम करतात, आणि तेही दारू सुमारे 20 टक्क्यांपर्यंत पातळ करून.

ग्लास खाली फुगीर आणि वर निमुळता हवा. ग्लेनकेर्न मिळाला तर उत्तम, नाहीतर लहान वाइन ग्लास चालतो. रुंद तोंडाच्या बर्फाच्या ग्लासातून वास पसरून जातो. ‘खोलीचं तापमान’ हा सल्ला थंड देशातला आहे; नागपूरच्या मे महिन्यात खोलीच्या तापमानाला ग्लासातून नुसतं अल्कोहोल उठतं. वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत बसा. स्वयंपाकघरात फोडणी पडून गेलेली नको, उदबत्ती नको, डासांची कॉइल तर अजिबात नको, तिच्यानंतर प्रत्येक व्हिस्की आयलाची वाटते. हातावर अत्तर, सॅनिटायझर काही नको. मसाला शेंगदाणे आणि शेव नंतर. तिखटाने जीभ अर्ध्या तासासाठी कामातून जाते. मध्ये मध्ये साधा पाव आणि पाणी पुरे.

ओतल्यावर पाच-दहा मिनिटं तशीच राहू द्या. वाइनसारखी गरागरा फिरवू नका, अल्कोहोलचा लोट उठतो आणि नाक बधिर होतं. ग्लास हनुवटीपाशी आणा, तोंड किंचित उघडं ठेवा, हळूहळू वर न्या. एकेका नाकपुडीने हुंगून पाहा. नाक थकलं की स्वतःच्या मनगटाचा वास घ्या. कॉफीच्या बिया हुंगायची काही गरज नाही, तो आणखी एक तीव्र वास होतो. रंगावरून काही ठरवू नका: स्कॉचमध्ये कॅरमल रंग घालायला परवानगी आहे. ग्लासच्या आतून उतरणाऱ्या धारा पाहून ‘वा, काय जाडी आहे’ म्हणणाऱ्याला म्हणू द्या. पहिला घोट अगदी लहान, तो फक्त जिभेला सवय व्हावी म्हणून. त्याबद्दल काही लिहू नका. दुसरा घोट तोंडभर फिरवा, गिळल्यावर तोंड बंद ठेवून नाकाने श्वास सोडा. ‘फिनिश’ (मागे रेंगाळणारी चव) म्हणतात ते तिथे कळतं.

मग पाणी. आधी तशीच, बिनपाण्याची चाखून, मग थेंब थेंब. यामागे शास्त्रही आहे: 2017 मध्ये स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी संगणकावर दाखवलं की धुरकट वासाचा ग्वायाकॉल हा रेणू, दारू साधारण 45 टक्क्यांपर्यंत पातळ केली की पृष्ठभागाकडे सरकतो, 59 टक्क्यांच्या पुढे मात्र अल्कोहोल त्याला घेरून आत ठेवतं. म्हणून 60 टक्क्यांच्या कास्क स्ट्रेंग्थ (पिंपातून काढून पाणी न घालता भरलेल्या) व्हिस्कीला पाणी न घालणं यात मर्दुमकी काही नाही, वास फुकट जातो. 15 मिलीत चहाचा एक चमचा, म्हणजे 5 मिली पाणी घातलं की ती 45 टक्क्यांवर येते. 46 टक्क्यांच्या बाटलीला तेच पाणी जास्त होईल, तिला काही थेंब पुरतात. पाणी बाटलीतलं किंवा फिल्टरचं घ्या; बोअरच्या जड पाण्याला स्वतःची चव असते. पाणी किंवा बर्फ पडल्यावर दारू किंचित गढूळ झाली तर घाबरू नका, बाटलीत भरण्याआधी ती थंड करून गाळणीतून काढलेली नाही एवढाच त्याचा अर्थ.

आता तुम्हाला हेदर का सापडत नाही. कारण तुम्ही हेदर कधी हुंगलेलं नाही. नाकाला आठवणीत असेल तेच ओळखता येतं, आणि ग्लासात खरं हेदर नसतंच, असतात ती रसायनं. अमेरिकन ओकमधल्या लॅक्टोनचा वास इंग्लंडच्या माणसाला नारळाच्या बिस्किटाची आठवण देतो, तुम्हाला ओल्या खोबऱ्याची देईल. दोघेही बरोबर. युजेनॉल लाकडात असतो आणि लवंगेतही. ज्याच्या घरात गोडा मसाला होतो त्याला तो परक्यापेक्षा आधी सापडायला हवा. आंबवताना तयार होणारं आयसोअमाइल ॲसिटेट म्हणजे पिकलं केळं. डायअसिटिल म्हणजे लोणी. पीटचा धूर एकाला शेकोटी, दुसऱ्याला डांबर, तिसऱ्याला ड्रेसिंगचं आयोडीन. मला काही आयला व्हिस्कीत हुरड्याची आगटी आणि बाजारातली सुकट एकदम येते, आणि मी तसंच लिहितो. वाचणारा रत्नागिरीचा किंवा सोलापूरचा असला तर त्याला ‘बीचवरचा बार्बेक्यू’ पेक्षा हे लगेच कळतं.

सरावासाठी बाटलीच लागते असं नाही. मसाल्याचा डबा उघडून डोळे मिटून वेलची, जायफळ, दगडफूल, लवंग ओळखा. वाण्याकडे गूळ, काकवी, खारीक, काळे मनुके हुंगा. सुताराच्या दुकानापुढे दोन मिनिटं थांबा. नाव सापडत नसेल तर आधी गट ठरवा: फळ, फूल, धान्य, लाकूड, धूर, तेल, गंधक. फळ असेल तर ताजं की सुकं? ताजं असेल तर आंबट की गोड? स्कॉटलंडच्या संशोधकांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस चवींचं चक्र बनवलं ते याच तत्त्वावर, मोठ्या गटातून बारकाव्याकडे. गंधक मात्र विसरू नका. विझवलेली काडी, रबर, उकडलेली कोबी असं काही शेरीच्या पिंपातल्या व्हिस्कीत आलं तर तो दोष असू शकतो. काहींना तो आवडतो. मला नाही.

लिहिताना माझ्या वहीत आधी कोरडी माहिती येते: ताकद, पिंप, बाटलीवरचा बॅच किंवा भरल्याची तारीख, बाटली उघडून किती दिवस झाले, कितपत रिकामी आहे. अर्ध्याच्या खाली गेलेली बाटली महिन्यांनी बदलते, पीटच्या व्हिस्कीत धूर ओसरतो हे उघड जाणवतं. एकाच बैठकीवर परीक्षण लिहू नका. दुसऱ्या दिवशी, वेगळ्या वेळी पुन्हा घ्या, आणि शक्य असेल तर घरातल्या कुणाला तरी सांगून लहान बाटल्यांवर नुसते आकडे टाकून घ्या. आंधळ्या चाखणीत महागडी बाटली हरली तर तीही नोंद छापा.

गुणांबद्दल माझं मत जरा कडू आहे. 100 पैकी गुण द्यायची पद्धत रूढ आहे, पण वापरात असतात ते 75 ते 95. मग 87 आणि 88 मध्ये काय फरक? माझ्या मते तुमच्या त्या दिवशीच्या जेवणाएवढा. द्यायचेच असतील तर पाच पायऱ्या करा: टाळा, बारमध्ये एक पेग पुरे, बाटली घेण्याजोगी, पुन्हा घेण्याजोगी, कपाटात कायम असावी अशी. आणि चवीचा निकाल किमतीपासून वेगळा लिहा. किंमत कुठली तेही सांगा, कारण तीच बाटली मुंबईत, पणजीत आणि विमानतळावर तीन वेगळ्या भावांनी मिळते. कंपनीने फुकट दिलेली असेल तर पहिल्याच ओळीत तसं लिहा.

खर्चाचं सांगतो. पूर्ण बाटल्या एकट्याने घेऊ नका. चार-पाच जण मिळून घ्या आणि घरी बसून वाटून चाखा. मिनिएचर मिळाल्या तर 50 मिलीत तुमच्या तीन बैठका होतात. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाला 2 लिटरची मुभा असते, तिचा उपयोग ब्लेंडवर घालवू नका. महाराष्ट्रात यासाठी वय 25 पूर्ण हवं आणि परवाना हवा, तो काढून ठेवा; गोव्यातून बाटल्या गाडीत टाकून आणायच्या तर वाहतुकीचा परवानाही लागतो. पहिल्या खेपेला तीनच घ्यायच्या असतील तर ग्लेनमोरांजी ओरिजिनल, एखादी साधी बर्बन आणि पॉल जॉन बोल्ड घ्या. यात प्रदेश तीन आले, पण मुद्दा तो नाही: वापरलेलं पिंप, कोरं पिंप आणि धूर हे तिन्ही आले. पुढची बाटली कोणती घ्यायची ते या तिघींपैकी कोणता ग्लास आधी संपतो त्यावरून ठरवा.